सौंसरचं अपील

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार. दिवाळीचे दिवस होते. सौंसर तहसिलीतली वावरं, विहिरी, संत्र्याचे बगीचे आदल्या दिवशी जिथं होते तिथंच होते. पण त्या सकाळपासून सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या माणसाचं हायकोर्टातलं अपील नागपूरला जाणार नव्हतं. ते जबलपूरला जाणार होतं.

सौंसरहून नागपूर साधारण सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास. सकाळी निघालेला माणूस वकिलाला भेटून, सीताबर्डीवर चार वस्तू घेऊन रात्री घरी जेवायला येई. जबलपूर अडीचशे किलोमीटरच्याही पुढे. आधी सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा, मग तिथून पुढचा सगळा प्रवास. राज्य पुनर्रचनेवर लिहिताना आपण भाषेबद्दल लिहितो, राजधानीबद्दल लिहितो, मुंबईसाठी झालेल्या लढ्याबद्दल तर भरभरून लिहितो. अपिलाचा रस्ता बदलला, ही गोष्ट मात्र त्या इतिहासात क्वचितच येते. मला ती महत्त्वाची वाटते, कारण धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या दोन भावांना राज्य म्हणजे काय ते शेवटी कोर्टातच कळतं.

अपील म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करायला हवी. आपल्याकडे सर्रास समजूत अशी की खालच्या कोर्टात हरलो तर वरच्या कोर्टात पुन्हा सगळं सांगता येईल. तसं नसतं. खालच्या कोर्टात, म्हणजे जिथं खटला चालतो तिथं, पुकारा होतो, साक्षीदार कठड्यात उभा राहतो, शपथ घेतो, बोलतो. समोरचा वकील उलटतपासणी घेतो. न्यायाधीश हे सगळं डोळ्यांनी पाहतो आणि कानांनी ऐकतो. वरच्या कोर्टात साक्षीदार जात नाही, त्याची जबानी जाते. लिहिलेली, सही केलेली, नकल काढलेली, पेपरबुकात शिवलेली. तिथले न्यायाधीश ती वाचतात आणि वकील त्यांच्यासमोर त्या कागदांवर बोलतात. नवा पुरावा द्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४१व्या ऑर्डरमधल्या २७व्या नियमाची अरुंद वाट आहे, आणि तिच्यातून फार थोडेच जातात.

हे जाणूनच कायदा करणाऱ्यांनी खालच्या न्यायाधीशाला एक वेगळा अधिकार देऊन ठेवला आहे. साक्ष देताना माणूस कसा वागला, याबद्दलचा आपला शेरा तो नोंदवू शकतो. दिवाणीत तशी तरतूद आहे, फौजदारीतही आहे. १८९८च्या संहितेत होती, पुढे १९७३च्या संहितेतही आली. साक्षीदार उत्तराआधी थांबला का, कुणाकडे पाहून बोलला, घाम पुसत होता का. वर बसलेल्याला जे कधीच दिसणार नाही ते खालच्याने दोन ओळींत पाठवावं, एवढीच त्यामागची कल्पना. व्यवहारात असे शेरे थोडेच लिहिले जातात. पण ती तरतूद वाचली की दोन्ही कोर्टांमधलं अंतर किलोमीटरात मोजण्याचं नाही, हे ध्यानात येतं.

अमेरिकेत ही रेषा आपल्यापेक्षा ठळक आहे. तिथल्या संघराज्याची ९४ जिल्हा न्यायालयं खटले चालवतात आणि १३ अपील न्यायालयं फक्त अपिलं ऐकतात. ही वेगळी अपील न्यायालयं १८९१च्या कायद्याने उभी राहिली. खाली एक न्यायाधीश आणि पुष्कळदा ज्युरी. वर सहसा तीन न्यायाधीश, आणि समोर ना ज्युरी ना साक्षीदारांचा कठडा. काय घडलं हे खालच्यांनी ठरवायचं आणि कायदा बरोबर लागला का हे वरच्यांनी पाहायचं, अशी वाटणी. खाली ठरलेल्या वस्तुस्थितीत उघड चूक दिसल्याशिवाय वरचे तिला हात लावत नाहीत. आणि ज्युरीने एकदा आरोपीला निर्दोष ठरवलं की सरकारला अपीलच नाही. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषतेचा कौल दिला, तरी सेशन्स न्यायाधीशाने तो न मानता प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे पाठवलं. तिथं १९६०मध्ये जन्मठेप झाली आणि १९६१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. अमेरिकेत ज्युरीच्या त्या कौलावरच सगळं संपलं असतं.

आपलं पहिलं अपील अमेरिकेपेक्षा मोकळं आहे. त्यात वस्तुस्थितीही पुन्हा तपासता येते आणि कायदाही. निर्दोष सुटलेल्याविरुद्ध सरकार वर जाऊ शकतं. शिवस्वरूप प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९३४मध्ये सांगून ठेवलं की अशा अपिलात हायकोर्टाने सगळा पुरावा पुन्हा पाहायला हरकत नाही. मात्र ज्याने साक्षीदार प्रत्यक्ष पाहिले त्या न्यायाधीशाच्या मताला योग्य तो मान द्यायला हवा. दुसऱ्या अपिलाची गोष्ट वेगळी. तिथं वस्तुस्थितीचं दार बंद. प्रिव्ही कौन्सिलने १८९०मध्येच बजावलं होतं की वस्तुस्थितीबद्दलची चूक कितीही ढळढळीत असली तरी तेवढ्यासाठी दुसरं अपील चालणार नाही. १९७६च्या दुरुस्तीने ते दार आणखी घट्ट झालं: कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच आत या.

आता सौंसरकडे येऊ. भोसल्यांचं नागपूर राज्य १८५४मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. १८६१मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत झाला. त्याच सुमाराला कलकत्ता, मुंबई, मद्रासला हायकोर्टं मिळाली. मध्य प्रांताला ज्युडिशिअल कमिशनर मिळाला. तो नागपूरला बसे. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातली मराठी बोलणारी सौंसर तहसील त्याच्या हाताखाली. पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीतच होतं. म्हणजे हायकोर्ट नव्हतं तेव्हाही शेवटचा दरवाजा नागपूरलाच होता. त्यापुढे लंडनची प्रिव्ही कौन्सिल, आणि तिथवर कापसाचा मोठा व्यापारी किंवा मालगुजारच पोचू शके.

खरं हायकोर्ट आलं ते ९ जानेवारी १९३६ला. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश. बरोबर एक वर्षाने, ९ जानेवारी १९३७ला, गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी सिव्हिल लाइन्समध्ये नव्या इमारतीची पायाभरणी केली. हेन्री मेड यांनी तिचा आराखडा केला आणि ६ जानेवारी १९४०ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते ती उघडली. आजही नागपुरात त्या घुमटासमोरून जाताना पावलं हळू होतात.

ते कोर्ट वीस वर्षं आणि काही महिने चाललं. त्या काळातले दोन खटले इथं सांगायलाच हवेत, कारण खालच्या आणि वरच्या कोर्टाचं नातं त्यांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुस्तकी व्याख्येत दिसत नाही.

पहिला शेजारच्या सिवनीचा. तिथली सरकारी डिस्टिलरी १९४७पासून चार वर्षं चालवण्याचा ठेका द्यायचा होता. हणमंत गोविंद नरगुंदकर हे प्रांताचे एक्साइज कमिशनर. टेंडरं उघडून एकाला त्यांतले आकडे दाखवले आणि मागाहून जुन्या तारखेचं पत्र तयार करून फायलीत घातलं, असा त्यांच्यावर आरोप. सगळा खटला अडला तो एका टाइपरायटरवर. पत्रावरची तारीख नोव्हेंबर १९४६ची, आणि ज्या यंत्रावर ते टाइप झालं असं सरकारपक्ष म्हणत होता ते यंत्र डिसेंबरअखेरपर्यंत नागपुरात आलेलंच नव्हतं, असा सरकारचा दावा. नागपूरच्या स्पेशल मॅजिस्ट्रेटने कट आणि बनावट कागद, दोन्हींसाठी दोषी धरलं. सेशन्स कोर्टाने कटाचा आरोप काढून टाकला, बनावट कागदाचा ठेवला. नागपूर हायकोर्टाने त्यात हात घातला नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २३ सप्टेंबर १९५२ला न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी आरोपींना निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अशी हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला तिच्यात कुठंही जागा उरू नये. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. पुढे देशभरातल्या कोर्टांनी त्या निकालाचा हवाला दिला आहे. टाइपरायटरच्या तज्ज्ञाचं मत पुराव्यात चालत नाही असंही त्यात म्हटलं होतं; ते मत मात्र सुप्रीम कोर्टानेच १९९६मध्ये चुकीचं ठरवलं.

या खटल्यात वरच्या कोर्टाला एवढं मोकळेपणाने फिरता आलं, कारण वाद कागदाचा होता. पत्र मॅजिस्ट्रेटने पाहिलं तसंच दिल्लीच्या न्यायमूर्तींनीही पाहिलं. त्याची शाई, अक्षरं, तारीख दोघांच्या डोळ्यांना सारखीच. कागदाच्या पुराव्यात वरचा आणि खालचा बरोबरीचे असतात. माणसाच्या साक्षीत ते कधीच बरोबरीचे नसतात.

दुसरा खटला जबलपूरचा, १९५३चा. विल्यम स्लेनी नावाच्या तरुणाचं एका मुलीवर प्रेम होतं. त्यावरून तिच्या भावाशी भांडण झालं, आणि स्लेनीने स्वतःच्या भावाच्या हातातली हॉकीस्टिक हिसकून मुलीच्या भावाच्या डोक्यात एकदाच मारली. दहा दिवसांनी तो माणूस गेला. दोघा भावांवर मिळून खुनाचा आरोप ठेवला होता. भाऊ सुटला, स्लेनीला जन्मठेप झाली आणि नागपूर हायकोर्टाने ती कायम केली. सुप्रीम कोर्टासमोरचा वाद असा: दोघांवर एकत्र आरोप होता, स्लेनीवर वेगळा आरोप ठेवलाच नव्हता, मग ही शिक्षा टिकेल का? ३१ ऑक्टोबर १९५५ला पाच न्यायमूर्तींनी उत्तर दिलं. त्यांतले एक व्हिव्हियन बोस, नागपूरचेच वकील, नागपूर हायकोर्टाचेच माजी मुख्य न्यायाधीश. उत्तर असं की आरोपपत्राच्या भाषेतली चूक एवढ्यानेच खटला कोसळत नाही. त्या चुकीने आरोपीवर खरोखर अन्याय झाला का ते पाहायचं. तसा तो झाला नव्हता. पण त्या एका फटक्याला खून म्हणता येत नव्हतं, म्हणून गुन्हा सौम्य ठरला आणि शिक्षा पाच वर्षांवर आली.

खालच्या कोर्टात चुका होणारच. घाईत, उकाड्यात, पुढच्या तारखांचा ढीग समोर असताना तिथं काम चालतं. प्रत्येक चुकीवर निकाल मोडायचा ठरवला तर एकही निकाल टिकणार नाही. कुठली चूक न्यायाच्या मुळाशी पोचली हे शांतपणे निवडून काढणं, हे वरच्याचं काम. बोस यांचा तो निकाल मी पुनःपुन्हा वाचला आहे; प्रक्रियेला दैवत न मानणारा आणि तरीही तिला न सोडणारा असा दुसरा निकाल मला आठवत नाही.

स्लेनीच्या निकालाला बरोबर एक वर्ष झालं आणि नागपूरचं हायकोर्ट संपलं. खरं तर संपलं म्हणणंही चूक. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ४९व्या कलमाप्रमाणे जुन्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट हेच नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट मानलं गेलं. कायद्याच्या नजरेत नागपूरचं कोर्टच उठून जबलपूरला गेलं. घुमट नागपुरात राहिला आणि त्यात मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश बसू लागले. विदर्भाच्या पुढाऱ्यांनी हे आधीच मागून घेतलं होतं: १९५३च्या नागपूर कराराप्रमाणे हायकोर्टाचं मुख्य ठाणं मुंबई आणि एक खंडपीठ नागपूरला. १९६०च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने ते खंडपीठ कायमचं झालं आणि त्याखालचे जिल्हे नावानिशी लिहिले गेले: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा, शिवाय राजुरा.

सौंसरच्या वाट्याला असं काही आलं नाही. राज्य पुनर्रचनेच्या फजल अली आयोगाने १९५५च्या अहवालात वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तीही या आठ मराठी जिल्ह्यांची. छिंदवाडा त्यात नव्हता. जिल्हा हे माप धरलं की तहसील दिसत नाही. छिंदवाडा जिल्हा हिंदीचा, म्हणून सौंसरही तिकडे गेलं.

न्यायाधीशांचीही वाटणी झाली. जनार्दन रघुनाथ मुधोळकर मुंबई हायकोर्टात गेले, पुढे सुप्रीम कोर्टात. मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला जबलपूरला गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. १९६८मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. हिदायतुल्लांचा जन्म १९०५चा. वकिली नागपुरात, न्यायाधीशपद नागपुरात. नागपुरात नाव कमावलेला हा माणूस आपल्या कोर्टाबरोबर जबलपूरला गेला, हे वाचताना मला सौंसरच्या पक्षकारांचीच आठवण येते.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. सगळी अपिलं जबलपूरला गेली नाहीत. सौंसरच्या दिवाणी कोर्टातला लहान दावा आधी जिल्हा न्यायाधीशाकडेच जातो, आणि ते पहिलं अपील आपल्याच भागात राहिलं. धुरा कुठं होता, विहीर कुणी खणली, हे प्रश्न तिथं मिटतात. जबलपूरला जातं ते दुसरं अपील, कायद्याच्या प्रश्नापुरतं. मात्र सेशन्सच्या खटल्याची गोष्ट उलटी. खुनाच्या शिक्षेवरचं अपील थेट हायकोर्टात, आणि त्यात वस्तुस्थितीही आली. फाशी झाली तर हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. म्हणजे गावातल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो तेव्हाच त्याच्या गावच्या साक्षीदारांचे शब्द सगळ्यांत लांब प्रवास करतात.

आणि ते शब्द कुठल्या भाषेतून जातात? १९५६पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १९५०चा कायदाच तसा होता. नव्या राज्यात एकटी हिंदी राहिली. पांढुर्ण्याचा म्हातारा शेतकरी कठड्यात उभा राहतो आणि वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मराठीत सांगतो, ‘मी वावरात होतो, धुऱ्यापाशी. मले आवाज आला.’ कागदावर उतरतं ते खेत आणि मेड़. कायद्यात सोय आहे: साक्षीदार वेगळ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास त्या भाषेत लिहून घ्यावं, नाहीतर खरं भाषांतर करावं. पण मराठी समजणारा न्यायाधीश किंवा रीडर असला की भाषांतर बोलता बोलताच होऊन जातं, आणि तो माणूस प्रत्यक्षात काय म्हणाला हे त्या खोलीबाहेर कुठंच राहत नाही. वर हायकोर्टाची भाषा इंग्रजी. १९७१पासून मध्य प्रदेश हायकोर्टात हिंदीलाही मुभा मिळाली. ‘मले आवाज आला’मध्ये बोलणारा खात्रीने सांगत होता की अंदाजाने, हे त्याच्या सुरावरून कळतं. सूर तर कुठल्याच अपिलात वर जात नाही. सौंसर-पांढुर्ण्याहून शब्दही वर जात नाहीत, हे मला लागतं. या भागातल्या मराठी साक्षी निदान मूळ शब्दांत टिपल्या जाव्यात, एवढं मागणं फार मोठं नाही.

नव्या मध्य प्रदेशात इंदूर आणि ग्वाल्हेरला खंडपीठं बसू लागली आणि १९६८मध्ये ती कायमची झाली. माळव्याचा आणि ग्वाल्हेरकडचा माणूस त्यामुळे वाचला. सातपुड्याच्या दक्षिणेला उतरणाऱ्या या पट्ट्याला जबलपूरच राहिलं.

पांढुर्ण्याला नागपूर-इटारसी रेल्वेचं स्टेशन आहे. तिथून रोज माणसं नागपूरला जातात: दवाखान्यात, मंडईत संत्री घेऊन, लग्नाला, कॉलेजात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते तेव्हा विदर्भातली माणसं इकडे येतात. सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला आणि कलेक्टर पांढुर्ण्यात आला. हायकोर्टाचा रस्ता मात्र जुनाच.

एका प्रकारच्या दाव्यात तेवढी निवड करता येते. वडिलांची जमीन थोडी नरखेडला, थोडी पांढुर्ण्याला, आणि भावांत वाटणीचं भांडण. दिवाणी संहितेचं १७वं कलम सांगतं की अशी मालमत्ता दोन कोर्टांच्या हद्दीत असेल तर दावा दोहोंपैकी कुठेही लावता येतो. धाकट्याने आधी नरखेडला दावा लावला तर पुढे हायकोर्टाची वेळ आली की प्रकरण नागपूरच्या घुमटाखाली जाईल. थोरल्याने आधी पांढुर्ण्याला लावला तर तेच वावर, तोच धुरा, तेच भाऊ, आणि अपील जबलपूरला. म्हणून जाणता वकील अशा पक्षकाराला वकालतनाम्यावर सही घेण्याआधी विचारतो: दादा, तुमची जमीन कुठं कुठं आहे, आणि भाऊ अजून कोर्टात गेला नाही ना?